वचनपेटीतली पहिली चिठ्ठी

आमच्या घरात सकाळच्या प्रार्थनेनंतर वचनपेटीतून एक चिठ्ठी काढतात. पेटी माझ्या सासूबाईंची, जालन्याहून आलेली. आत बोटभर चिठ्ठ्या, प्रत्येकीवर बायबलमधलं एक वचन. नियम एकच, हाताला पहिली लागेल ती त्या दिवसाची. ती परत टाकायची नाही.

त्या सोमवारी माझा समाधान डोळे मिटूनच म्हणाला, "आई, आज तू काढ. वचन म्हणंल तसं करतो."

कशाबद्दल ते मला ठाऊक होतं. चाकणच्या कंपनीत तो पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होता. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर सुपरवायझरनं आठवड्यापूर्वी बंद केला होता, माल जास्त निघावा म्हणून. समाधान तीन दिवस गुडघ्यांवर प्रार्थनेला बसत होता आणि उठला की एकच सांगत होता, "आतून नको असंच ऐकू यायलंय. त्या मशीनवर उभा राहत नाही म्हणून सांगून टाकतो."

रविवारी देहूरोडच्या चर्चमधून येताना मी भर रस्त्यात त्याच्यावर ओरडले होते. "सात वर्षं कंत्राटावर काढलीस. याच महिन्यात पर्मनंटची यादी लागतेय. तनुजाच्या बापाला लग्नाचं काय सांगू? बाकीचे उभे राहतात ते काय येडे हायेत का?" मला त्याच्या भोळेपणाचा संताप यायचा. चार घरची भांडी घासून मी पोर वाढवलं होतं, मला व्यवहार कळत होता.

मी पेटी उघडली. हाताला आली ती चिठ्ठी वाचली. थांबून राहायला सांगणारं वचन होतं. समाधानचे डोळे मिटलेलेच होते. ती मी मुठीत दाबली, दुसरी काढली आणि मोठ्यानं वाचली. भिऊ नको, जा, मी बरोबर आहे, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

त्याचा चेहरा निवळला. "मग प्रश्नच मिटला," म्हणाला आणि डबा घेऊन कंपनीच्या बसकडे पळाला. पहिली चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. पेटीत परत टाकायची छाती झाली नाही.

गवार निवडायला बसले तर शेंगा कचऱ्यात आणि देठं पातेल्यात. मोबाईल समोरच होता. तो वाजू नये असं वाटत होतं, आणि वाजत नाही म्हणून जीव घाबरा होत होता. साडेअकराला वाजला.

दवाखान्यात त्याचा उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत होता. चार बोटं गेली होती. मला बघून तोच माझी समजूत काढायला लागला.

"रडू नको, आई. देवानंच जा म्हटलं होतं ना? मी त्याला विचारून गेलो, तेवढंच धरून पडलोय. नाहीतर येडा झालो असतो."

त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. ते काढून घ्यायचं, की माझं पाप जन्मभर देवाच्या नावावर खपवायचं? पर्सची चेन मी ओढली. माझी बोटं शाबूत होती, दहाच्या दहा.

चिठ्ठी मी त्याच्या डाव्या हातात ठेवली.

"पहिली ही आली होती," मी म्हणाले.