शेवटच्या पानावरचं भोक

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. माझी पाठ दोनदा शिवून झाली आहे आणि कोपरे कसर लागून गेले आहेत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी रद्दीच्या गठ्ठ्यात पडले आहे. सुतळी बांधायची तेवढी बाकी आहे. तोवर माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या.

छापखान्यातून आले तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू! माझ्यात एका तोतऱ्या मुलीची गोष्ट आहे. वर्गात तिला उभं केलं की शब्द घशात अडकतात आणि पोरं फिदीफिदी हसतात. दोनशे पानांत ती मोठी होते. शेवटी एका सकाळी ती पेटी उचलते, बसमध्ये चढते आणि मागे वळून पाहत नाही. बस्स, तिथेच मी संपते. ती कुठे गेली, का गेली, हे लेखकाने लिहिलं नाही. त्यामुळे ते मलाही ठाऊक नाही.

वाचनालयाच्या बाईंनी मला निळं कव्हर घातलं. बाईंची एक सवय होती. पेपरात एखाद्या लेखकाबद्दल काही आलं की त्या ते कापायच्या आणि त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर डिंकाने चिकटवायच्या. माझ्या लेखकाचा सत्कार झाला तेव्हा त्याचा हसरा फोटो माझ्या छातीवर आला. मी मेली कितीतरी दिवस तो मिरवत होते.

मग ती आली. शिंप्याची मुलगी, बारा वर्षांची. तीही बोलताना अडखळायची. तिने मला नऊ वेळा घरी नेलं. बाई चिडवायच्या, "अगं, पाठ झालं असेल आता. दुसरं काही ने की!" ती नुसती हसायची. नवव्या खेपेला तिने शेवटच्या पानाच्या कडेला पेन्सिलीने, जोर देऊन, बारीक अक्षरांत लिहिलं, 'ही मी.' वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे मला कळतं. पण मला तेव्हा फार आनंद झाला होता.

त्या वर्षी वाचनालयात मुलांनी मोठ्याने वाचून दाखवायचा कार्यक्रम ठरला. बाईंनी यादीत तिला घातलं.

"म-म-मला नाही जमणार, बाई."

"न जमायला काय झालं? हवा तेवढा वेळ घे. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

रोज दुपारी दोघी कपाटांमधल्या बाकावर बसायच्या. तिने माझंच शेवटचं पान निवडलं होतं. पहिल्या दिवशी त्याला वीस मिनिटं लागली, पंधरा दिवसांनी सहा. बस येते त्या ओळीला तर ती अजिबात अडखळायची नाही. बाई नाकावरचा चष्मा काढून पुसत बसायच्या.

वाचन शनिवारी होतं. गुरुवारी पेपरात माझ्या लेखकाचं भाषण आलं. तोतऱ्या मुलांना चांगल्या शाळेत बसवू नये, एकापायी सगळा वर्ग खोळंबतो, त्यांची सोय लांब कुठेतरी करावी, असं तो म्हणाला होता. वर हेही, की 'माझ्या कादंबरीतल्या मुलीची मी तशीच सोय लावली.' बाईंनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "शी! काय माणूस आहे हा!" पण वाचकांपासून काही लपवायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यांनी कात्रण फोटोशेजारी चिकटवलं. तेवढ्यात फोन वाजला. मला टेबलावर ठेवून त्या आत गेल्या.

ती नेहमीसारखी आली आणि मला घेऊन बाकावर बसली. डिंक अजून ओला होता. कात्रण तिने दोनदा वाचलं. मग शेवटचं पान उघडून हळू आवाजात सुरुवात केली. बसच्या ओळीला ती अडखळली. पुन्हा वाचली, पुन्हा अडखळली. "म्हणजे ती ग-गेली नाही," ती पुटपुटली, "तिला धा-धाडलं."

मित्रांनो, माझं एक अक्षरही बदललं नव्हतं. तीच पेटी, तीच बस. ओरडून सांगावंसं वाटलं, अगं वेडे, ती आपणहून चढली! पण खरं सांगू? माझी मलाच खात्री राहिली नव्हती.

तिने खोडरबर काढलं. अक्षरं गेली तरी ती घासतच राहिली. कागद विरला आणि भोक पडलं. मग मला टेबलावर होते तशी ठेवून ती निघून गेली.

शनिवारी तिची खुर्ची रिकामीच राहिली. बाई तिच्या घरी जाऊन आल्या आणि फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "काय झालं ते सांगतच नाही हो. हल्ली घरातही बोलत नाही म्हणे." ती पुन्हा वाचनालयात आली नाही. मलाही नंतर कुणी नेलं नाही.

आज बाईंचा कामाचा शेवटचा दिवस. रद्दी बांधताना त्यांनी मला सहज चाळलं. भोकाखालच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीचा दाब उमटलेला होता. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. ते अक्षर त्यांनी ओळखलं. मग पहिलं पान उलटून कात्रणावरची तारीख पाहिली, वाचनाच्या दोनच दिवस आधीची, आणि त्या खाली बसल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मीच की गं. माझ्याच हाताने."

मित्रांनो, लेखकाच्या मनातलं विष लपवा, असं मी म्हणत नाही. कात्रण खरंच होतं. ते आज ना उद्या तिला कळलंच असतं. पण असलं काही मुलांच्या हाती द्याल तेव्हा शेजारी बसा, शेवटच्या पानापर्यंत बसा. तो फोन थोडा वेळ वाजत राहिला असता तर काय बिघडलं असतं? बाईंना तरी कुठे गाडी पकडायची होती?