बर्नरच्या डोळ्यावरचं कुंकू

मी बर्नरचा डोळा बोलतोय. करंगळीएवढी नळी, टोकाला शर्टाच्या बटणाएवढी काच, मागे दोन वायरी, एवढंच माझं अंग. बॉयलरच्या पोटात डिझेलचा फवारा उडतो, ठिणगी पडते आणि ज्योत धरते. ती दिसली की मी शेजारच्या पेटीला ‘आहे’ म्हणून कळवतो. दिसली नाही तर गप्प राहतो. मी पाच सेकंद गप्प राहिलो, की पेटी डिझेल तोडते आणि तांबडा दिवा लावते. याखेरीज मला दुसरं काही येत नाही.

शाहूपुरीतल्या एका दुकानात मी वर्षभर डबीत पडून होतो. तिथून मलकापूरजवळ नेमगोंडाअण्णांच्या डेअरीत आलो. दूध तापवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला पिराजी. मला भोकात बसवताना तो म्हणाला होता, “एवढासा हाय, पर ह्यो मिटला तर समदं बंद.”

पिराजीनं मला जपलं. दर शनिवारी तो मला बाहेर काढायचा, मऊ फडक्यानं काच पुसायचा, उजेडाकडे धरून बघायचा आणि परत बसवायचा. माणसं आपल्या चष्म्याचीसुद्धा इतकी काळजी घेत नाहीत.

पण एक खोड त्याला होती. डिझेलमध्ये कचरा आला की ज्योत फडफडायची, मी गप्प व्हायचो आणि बॉयलर थांबायचा. बाहेर दुधाचे कॅन येऊन पडलेले असायचे. मग पिराजी मला भोकातून काढायचा आणि ठिणगी पडल्याचा आवाज आला, की माझ्यासमोर बॅटरी लावायचा. मी उजेड बघायचो आणि म्हणायचो, ‘आहे’. कुठला उजेड, ते मला ओळखता येत नाही. डेअरीत या युक्तीला ‘दिवा दाखवणं’ म्हणत. खोटं माझ्या तोंडून निघायचं आणि कौतुक पिराजीचं व्हायचं.

गेल्या वर्षीची खंडेनवमी मला विसरता येणार नाही. बॉयलर धुऊन झाला, झेंडूच्या माळा चढल्या. पिराजीनं पंप पूजला, पान्हे पूजले आणि शेवटी मला बाहेर काढलं. ओल्या कुंकवात बोट बुडवून त्यानं माझ्या काचेवर मधोमध ठसठशीत टिळा लावला, वर हळद लावली. “वर्षभर असंच ध्यान ठेव रं बाबा,” म्हणाला, हात जोडले आणि मला तसंच भोकात बसवलं.

त्यानं कुणाची पूजा आजवर अर्धवट केली नव्हती. माझीही केली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाई-म्हशींना दसरा नसतो, दूध आलंच. पिराजीनं बटण दाबलं. ज्योत धरली. मला तिची ऊब लागत होती, पण डोळ्यांपुढे अंधार. मी गप्प. तांबडा दिवा लागला. त्यानं तीनदा प्रयत्न केला, तीनदा तेच.

“पिराजी, दूध नासतंय की लेका,” अण्णा दारातून ओरडले.

“लावतो की अण्णा. डोळं आलंत जणू त्याचं.”

मला बाहेर काढून, काच न बघताच त्यानं परत बटण दाबलं, ठिणगीचा आवाज येताच बॅटरी टेकवली आणि दोऱ्यानं माझ्याशी बांधून टाकली. इतका जवळचा झोत कुंकवातूनही आत शिरला. मी म्हणालो, ‘आहे’. बॉयलर चालू झाला आणि अण्णा निवांत चहाला गेले.

वीसेक मिनिटांनी ज्योत विझली. डिझेलमध्ये पाणी आलं होतं. मी मात्र बॅटरीकडे बघत ‘आहे, आहे’ म्हणत राहिलो. तापलेल्या पोटात डिझेल पडत होतं आणि त्याची वाफ साठत होती.

बर्नरची घरघर बदललेली पिराजीला कळली. छोट्या काचेतून त्यानं आत डोकावलं. “इझला व्हय?” म्हणत त्यानं सळईच्या टोकाला डिझेलचा बोळा बांधला आणि खिशातून काडेपेटी काढली. जुन्या भट्टीत तो असाच पेटवायचा. इथं ती काडी त्याची शेवटची ठरली असती. मला ते कळत होतं, पण मला बोलता येतो तो एकच शब्द, आणि त्या वेळी तोच खोटा होता.

नव्या गॅस बर्नरची मापं घ्यायला त्याच वेळी बर्नर कंपनीची इंजिनिअर अनुजा आली होती. अण्णांना दसऱ्याचा मुहूर्त साधायचा होता. फाटकातूनच तिला चिमणीतून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर दिसला आणि ती धावत आत आली.

“मामा, काडी ओढू नका. आधी ती बॅटरी सोडा.”

पिराजीनं काडेपेटी खाली ठेवून दोरा तोडला. मला अंधार झाला. मी गप्प झालो, आणि पेटीनं डिझेल तोडलं. अनुजानं सगळ्यांना बाहेर काढलं. खूप वेळ थांबून, साठलेली वाफ बाहेर काढायला तिनं बर्नरचा नुसता पंखा चालवला.

अण्णा कुरकुरले, “दुधाचं काय आता?”

“दूध उद्या परत येईल, अण्णा.” अण्णांनी पिराजीकडे बघितलं आणि कॅन परत पाठवायला सांगितले.

मग तिनं माझी काच रुमालानं पुसली. रुमाल लाल झाला.

पिराजीनं तो रुमाल हातात घेतला. “म्या पूजा केलती, ताई.”

“पूजा चांगलीच केली हो मामा. फक्त डोळ्यावर केली.”

चार महिन्यांनी गॅसचा बर्नर आला. त्याचा डोळा माझ्यासारखा भोळा नाही. ज्योतीत माणसाला न दिसणारा एक उजेड असतो, तोच तो बघतो. बॅटरीला तो फसत नाही. दर थोड्या वेळानं स्वतःची पापणी मिटून बघतो, आपण अंधारातही ‘आहे’ म्हणत तर नाही ना. पेटीला आता पडदा आहे. बर्नर का थांबला ते त्यावर उमटतं आणि अण्णांच्या मोबाइलवरही जातं. सारखंसारखं बटण दाबलं तर पेटी ऐकत नाही.

“चहाडखोर मशीन आणलं की ताई,” पिराजी म्हणाला.

“दिव्याला भुलत नाही, एवढाच त्याचा गुण, मामा.”

त्यानं पेटीवरून एकदा हात फिरवला.

मी आता बॉयलरघरात खिळ्याला टांगलेला आहे. नवा माणूस कामाला लागला की त्याला शिकवायला आलेली अनुजा मला त्याच्या हातात देते आणि दसऱ्याची हकीकत पिराजीला सांगायला लावते. तो स्वतःला एका शब्दानंही वाचवत नाही. माझ्यासारखे भोळे डोळे अजून कितीतरी बॉयलरांत बसले असतील. त्यांच्या धन्यांना माझं एवढंच मागणं आहे: दिवा देवाला दाखवा, आम्हाला नको.

परवा खंडेनवमी झाली. पिराजीनं नव्या बर्नरच्या झाकणावर कुंकू लावलं. काचेपासून चांगलं वीतभर लांब. मग मला खिळ्यावरून काढलं, फडक्यानं पुसलं आणि काचेवर मधोमध टिळा लावला, अगदी तसाच, ठसठशीत.

“तुला आता बघायचं न्हाई,” तो म्हणाला. “नीज.”