फुटक्या पेशींची मोजदाद

मित्रांनो, रक्त तपासण्याच्या लॅबमधला मी एक जुना मायक्रोस्कोप. माझ्या काळ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत, पण भिंगे अजून शाबूत आहेत. कारखान्यातून निघालो तो थेट इथल्या खिडकीजवळच्या टेबलावर आलो. रक्ताचे हजारो थेंब मी पाहिले. पुढे पेशी मोजणारे मोठे यंत्र आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी चढली.

मग एक दिवस सुतारकाका आले. त्यांना सावकाश वाढणाऱ्या प्रकारचा रक्ताचा कर्करोग निघाला होता. पण सावकाश म्हणजे किती, हे माणसागणिक वेगळे. काकांकडे नव्या वाचनालयाच्या लाकडी जिन्याचे काम आले होते, चांगले दोन वर्षांचे. ते नकार कळवायला निघाले होते. काकूंनी त्यांना आधी लॅबमध्ये आणले.

मोठे यंत्र पेशी मोजते, पण त्यांचे रूप दाखवत नाही; म्हणून लॅबच्या ताईंनी मला खाली उतरवले, पुसले. काकांचे रक्त काचपट्टीवर पसरताना कितीतरी पेशी फुटल्या होत्या. काचपट्टी बिघडली, असे शेजारचे सहकारी म्हणाले. ताईंनी दुसरी केली, तिसरी केली. फुटक्या पेशी तेवढ्याच. मग त्यांनी चिकाटीने त्या मोजल्या. दोनशे पेशींत ऐंशी फुटक्या भरल्या.

डॉक्टरबाईंनी हा आकडा बाकीच्या तपासण्यांशी ताडून पाहिला. सगळ्यांचा सूर एकच निघाला.

"काका, या आजारात फुटक्या पेशी जास्त असल्या की तो बहुधा रेंगाळतच चालतो. आत्ता औषधही नको. फक्त दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घ्या."

"मग जिना?"

"करा की. मलाही चढायचाय."

काकू बाकावर बसून हसता हसता डोळे पुसू लागल्या. काकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि रिपोर्टच्या पाकिटावरच पायऱ्या आखायला घेतल्या.

जिना अडीच वर्षांनी पुरा झाला. आजारापेक्षा आमचे हेच सावकाश, असे काकू सगळ्यांना सांगत सुटल्या. मी मात्र तेव्हापासून टेबलावरच आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्या भिंगाला बोट लावू नका. मऊ कापडाने पुसा, काम झाले की झाकून ठेवा. आणि मोठेपणी कुणाच्या रक्ताची काचपट्टी तुमच्या हाती आली, तर घाई करू नका. बाहेर बाकावर कुणाची तरी काकू बसलेली असते.