भागायचं की गुणायचं

घटस्फोटानंतर लेक आईकडे दुसऱ्या गावी राहायला गेली आणि फोनला अट पडली: अभ्यासाचं विचारायचं असेल तरच. बाप साबणाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ. त्यामुळे रविवारी फोन वाजायचा तो रसायनशास्त्राच्या कृपेने.

"बाबा, तांब्याच्या तारेत बारा पॉइंट शून्य चव्वेचाळीस गुणिले दहाचा तेविसावा घात इतके अणू. मोल किती? मला दहाचा सत्तेचाळिसावा घात येतोय."

"एवढं तांबं सूर्यातसुद्धा मावायचं नाही, बाई. गुणलंस ना?"

"गुणलं."

लेक गुणायची, बाप हसायचा. एकदा नीट समजावलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण फोनही मिटला असता. बापाच्या मनात चोर शिरला होता, नाही कशाला म्हणा. पण परीक्षा जवळ आली आणि पोरीचं नुकसान करून आपली हौस भागवणं त्याच्याच्याने होईना.

"हे बघ, सुटी केळी मोजलीस आणि डझन किती ते हवंय, तर बाराने भागतेस. मोल म्हणजे अणूंचा डझन, फक्त अवाढव्य. सहा पॉइंट शून्य बावीस गुणिले दहाचा तेविसावा घात, एवढ्याने भाग."

"दोन मोल. एवढंच?"

"एवढंच."

तिने फोन ठेवला. पुढचे रविवार सुने गेले. शिकवणं फत्ते झालं होतं आणि त्याचा जीव तीळ तीळ तुटत होता. फोन बंद पडलाय की काय म्हणून तो उगीच उचलून बघायचा.

परीक्षाही उरकली. मग एका रविवारी फोन वाजला.

"बाबा, एक गणित अडलंय. अणूंवरून मोल काढायचेत. गुणायचं ना?"

मास्तरकी जागी झाली. "अगं, इतकं डोकं फोडून सांगितलं..."

मागून आईचा आवाज आला, "त्यात तर तुला पैकीच्या पैकी मिळालेत ना गं?"

इतक्या फोनांत त्याने लेकीला गणिताखेरीज काही म्हणून विचारलं नव्हतं. अट मोडली तर हेही जाईल, ही धास्ती.

"गणित राहू दे," तो म्हणाला. "तू कशी आहेस?"

आई आता फोन ठेवायला लावेल म्हणून तो कान देऊन थांबला. पलीकडे दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आई बाहेर गेली," लेक म्हणाली. "बाबा, मला करमत नाही रे."