खटक्याच्या कुलपाचा टोप

नवरात्र सुरू झाल्यापासून राजलक्ष्मी आपल्या वडिलांशी बोलत नव्हती. टेलिफोनच्या कारखान्यात तिची निवड झाली होती, दसरा उलटला की हजर व्हायचं होतं, आणि विश्वासरावांनी नाही म्हटलं होतं. खरं तर नाही म्हटलं होतं त्यांच्या थोरल्या भावानं, संताजीअण्णांनी. "आपल्या घरातल्या पोरी कारखान्यात जात नाहीत," अण्णा म्हणाले आणि विश्वासरावांनी मान डोलावली. अण्णा बोलले की मान डोलवायची, ही सवय त्यांना लहानपणीच लागली होती. राजलक्ष्मीला राग होता तो या डोलण्याचा.

बेंगळुरातल्या कॉटनपेटेत विश्वासरावांचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान होतं. बापआजे पेट्याच करत आल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू मुळात पेटीच असते, फक्त आकार वेगळा, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. म्हणून व्हाइटफील्डचे म्हातारे बार्टनसाहेब एका विलायती शिलेदाराचं चित्र घेऊन आले, तेव्हा ते मुळीच डगमगले नाहीत. इंग्रज गेले तरी हे साहेब मागं राहिले होते, आणि दर नाताळात मित्र जमवून, पुराणकाळच्या सरदारांचे वेष चढवून मैदानात लुटुपुटूची लढाई खेळायचे. त्यांना चित्रातल्यासारखा लोखंडी टोप हवा होता. सगळं डोकं आत, डोळ्यांपुढं फट आणि हनुवटीखाली मिटणारा जबडा.

टोप झाला मात्र झकास. जबड्याला साहेबांनी चामड्याचा पट्टा सांगितला होता. पण पेटीला कुणी पट्टा लावतं का? विश्वासरावांनी तिथं ट्रंकेचं खटक्याचं कुलूप बसवलं. दाबलं की बंद, मग किल्लीशिवाय उघडायची बात नाही.

खंडेनवमीला दुकानात आयुधपूजा मांडली. हातोडे, पत्रा कापायच्या कात्र्या, कानशी, किल्ल्यांचा जुडगा, सगळं धुऊनपुसून देवीपुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, उंबऱ्यावर कोहळा फोडला. आता दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. या बाबतीत अण्णा फार कडक. एका वर्षी अंबुबाईंनी, म्हणजे राजलक्ष्मीच्या आईनं, पूजेतली सुरी नारळासाठी उचलली, तर अण्णांनी दिवसभर घर डोक्यावर घेतलं होतं.

"तो टोपही ठेव की पूजेत," अण्णा म्हणाले. "लढाईचीच वस्तू ती."

"आधी घालून तर दाखवतो," विश्वासराव म्हणाले. त्यांनी डोकं आत घातलं, ऐटीत छाती काढली आणि जबडा वर ढकलला. खट्‌!

आतून काहीतरी ऐकू आलं. रांजणात तोंड घालून बोलावं तसं.

"काय म्हणतात ते?" अंबुबाईंनी विचारलं.

"किल्ली म्हणतात," राजलक्ष्मी म्हणाली.

किल्ली जुडग्यात होती. जुडगा देवीपुढं होता. अण्णांनी दोन्ही हात आडवे पसरले. "उद्या सकाळी! देवीच्या पुढून काही उचलायचं नाही!" शेजारच्या लोहाराला हाक मारावी, तर त्याचा हातोडा फुलांच्या माळा घालून बसलेला. त्या दिवशी अख्ख्या बेंगळुरात कुणी साधा खिळा ठोकून दिला असता तर शपथ. अंबुबाईंनी होळगीचा, म्हणजे पुरणपोळीचा, तुकडा फटीतून सरकवून पाहिला, तो विश्वासरावांच्या भुवईला चिकटला. त्यांच्या पानातलं उरलेलं अण्णांनी संपवलं. अन्न वाया जाऊ नये म्हणून.

आता खरी गोष्ट सांगायची तर, टोपाची दुसरी किल्ली राजलक्ष्मीच्या पदराच्या गाठीत होती. साहेबांना टोपाबरोबर द्यायची म्हणून तिनं ती पूजेपूर्वीच बाजूला काढली होती. ती लगेच द्यायला हवी होती, यात वाद नाही. पण राजलक्ष्मीनं स्टूल ओढलं, टोपासमोर ठेवलं आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं.

"अप्पा, माझ्या नोकरीचं काय ते सांगा."

"अण्णांना विचार," टोप म्हणाला.

"अण्णांचं डोकं बाहेर आहे. अडकलंय तुमचं."

अंबुबाई पदर तोंडाशी धरून मागं वळल्या. टोप अण्णांच्या दिशेला वळला. मग सगळ्या दुकानात घुमेल अशा आवाजात म्हणाला, "अण्णा, मी राजूला कारखान्यात धाडणार!"

अण्णा ताडकन उभे राहिले. "विश्वासा! मी नाही म्हटलंय!"

"तुम्ही म्हटलंय. मी पोरीचा बाप आहे, मी हो म्हणतोय. चालत नसेल तर ती किल्ली उचला, मला बाहेर काढा आणि मग बोला!"

अण्णांनी भावाकडं पाहिलं, देवीकडं पाहिलं. त्यांची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. हात जुडग्यापर्यंत गेला आणि परत आला. "सरी, सरी, बरं बाबा," ते पुटपुटले. "काय करायचं ते करा. जातो मी." आणि चपला पायात अडकवून ते पेठेत दिसेनासे झाले.

राजलक्ष्मीनं गाठ सोडली आणि जबडा उघडला. विश्वासराव घामानं निथळत होते, भुवईवर होळगी होती. त्यांना बघून तिला हसूही आलं आणि रडूही. बापाला तासभर कोंडून ठेवल्याची लाज तर फारच वाटली.

"अप्पा, चुकलं माझं. दुसरी किल्ली पहिल्यापासून माझ्याकडंच होती."

"अगं, जन्म गेला पेट्या विकण्यात," विश्वासराव कपाळ पुसत म्हणाले. "एका कुलपाला किल्ल्या किती येतात, ते मला ठाऊक नाही होय?"

"मग मागितली का नाही?"

त्यांनी दाराकडं पाहिलं, अण्णा खरंच गेलेत ना याची खात्री केली आणि तरीही आवाज खाली आणला.

"उघड्या तोंडानं अण्णांना नाही म्हणायला मला या जन्मात कधी जमलंय, सांग की!"