हिल्माबाई गप्प बसल्या ती दुपार

ग्रोनेस गावात हिल्माबाईंना गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बंदरावर मासे साफ करताना त्यांची जीभ सुरीपेक्षा जोरात चालायची, आणि चर्चमध्ये पाद्र्याला प्रार्थना सुरू करण्याआधी त्यांचं संपायची वाट बघावी लागायची. म्हणूनच क्लबचे अध्यक्ष क्रोकान यांनी त्यांचीच निवड केली.

आज ग्रोनेसचा क्लब पगारी खेळाडू ठेवतो आणि मैदानाखाली विजेच्या तारा घालून बर्फ वितळवतो. तेव्हा बर्फ गावच फावड्यांनी काढायचं, आणि पाहुणा संघ आला की एकेक खेळाडू एकेका घरी उतरायचा. उत्तरेच्या संघांना राष्ट्रीय चषकात तोवर घेतच नसत. या कोळ्यांना कुठला आलाय फुटबॉल, असं दक्षिणेकडच्या शहाण्यांचं मत. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा दार उघडलं होतं, आणि गोलमध्ये उभा राहणार होता हिल्माबाईंचा एडविन. हरला तर जन्मभर गावाचं बोलणं त्याला खावं लागलं असतं.

"पाहुण्या संघाचा हाल्वर तुमच्याकडे उतरवतोय," क्रोकान म्हणाले. "सगळे गोल तोच मारतो. दाबून जेवायला घाला आणि सामन्यापर्यंत बोलत बसा. डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही."

"एवढंच ना? एरवी लोक मला गप्प करायला बघतात."

सकाळच्या बोटीने हाल्वर आला. दोन दिवस समुद्र खवळलेला, त्यामुळे पोराच्या पोटात काही ठरलं नव्हतं. हिल्माबाईंनी अर्धवट सुकवलेला कॉड मासा वाढला, त्यावर डुकराच्या तळलेल्या चरबीचे तुकडे, शेजारी मटारचा लगदा. पोराने ताट चाटूनपुसून साफ केलं.

"आई, वाढ त्याला. लाजतोय तो," एडविन म्हणाला आणि आईकडे बघून डोळा मारून मैदानावर गेला.

हिल्माबाईंनी स्वतःच्या लग्नापासून सुरुवात केली. ओलाफकाका होडी घेऊन वऱ्हाड आणायला निघाले, इथवर गोष्ट आली आणि समोर बघतात तर पोरगा बसल्या जागी झोपलेला. हातात काटा तसाच, ओठाला मटार लागलेले.

आता खांद्याला धरून हलवायचं एवढंच काम होतं. त्यांनी हात पुढेही केला. पण आपल्या हातचं जेवून झोपलेल्या पोराला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं. मनात क्रोकानना चार शिव्या घालून त्यांनी सीगल पक्ष्यांचा कलकलाट आत येऊ नये म्हणून खिडकी लावली, पोराच्या पायांवर घोंगडी टाकली आणि चक्क गप्प बसल्या.

फार जड गेलं ते. शेजारची ओल्गा कुणाचं तरी लग्न मोडल्याची ताजी बातमी घेऊन आली, तर हिल्माबाईंनी ओठांवर बोट ठेवून तिला दारातूनच परत पाठवलं. खिडकीखालून जाताना क्रोकानना घरातून आवाज येईना, तेव्हा बाईंना काही झालं तर नाही ना, अशी शंका त्यांना आली.

संध्याकाळी हाल्वर ताजातवाना होऊन मैदानात उतरला आणि त्याने दोन गोल मारले. ग्रोनेसचा एक. दुसऱ्या गोलच्या वेळी एडविनने झेप घेतली, चेंडूला त्याची बोटंही लागली, पण चेंडू आत गेला.

"काय झालं होतं काय तुम्हाला?" क्रोकान कडाडले.

"अहो, झोपला होता तो."

गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. दुकानात सामान मुकाट्याने हातात पडे. एडविन घरी फक्त "मीठ दे" म्हणायचा. हिल्माबाईंना वाईट वाटायचं, पोराकडे बघून तर फारच. तरी आपण चुकलो असं काही त्यांना वाटेना.

पानगळीच्या दिवसांत एका दुपारी दार वाजलं. हाल्वर ट्रंक घेऊन उभा.

"हिल्माबाई, बंदरावर काम मिळालंय मला. खोली रिकामी आहे का?"

"आणि तुझा क्लब?"

"तिकडे जिंकलो की हात मिळवतात आणि आपापल्या घरी जातात. इथे मी तुम्हाला हरवायला आलो होतो, तर तुम्ही माझ्या पायांवर घोंगडी घातलीत."

क्लबच्या जाडजूड इतिहासात लिहिलंय की हाल्वरला क्रोकान यांनी दूरदृष्टीने आणलं. लिहू देत बापडे.

एडविन जेवता जेवता उठला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. "खेळणार कुणाकडून?"

"गोलमध्ये तू असशील तर ग्रोनेसकडून. त्या दुसऱ्या गोलला माझी पाचावर धारण बसली होती रे. अडवलाच होतास तू."

एडविनने हाताची घडी सोडली. मग त्याने खुर्ची ओढून दिली आणि स्वतःच्या ताटातला माशाचा मोठा तुकडा एका ताटलीत काढून हाल्वरपुढे ठेवला.

"आई, वाढ त्याला," तो म्हणाला. "लाजतोय तो."

हिल्माबाईंना भरून आलं. डोळे पुसून त्या समोर बसल्या.

"तर काय सांगत होते मी," त्या म्हणाल्या, "ओलाफकाका होडी घेऊन निघाले..."