मामा खांद्यावर असेपर्यंत

रूपालीने ॲम्प टेबलावरून ढकलून दिला. तो एका कोपऱ्यावर आदळला, उलटला आणि शटरला जाऊन धडकला. हेडफोन बघायला आलेलं जोडपं निमूटपणे दुकानाबाहेर पडलं.

"अवो ताई!" दुकानदार सुजीत काउंटरमागून धावत आला. "वाजवायचा हाय ना तो? मारायचा नाय!"

"आमच्याकडे दोन्ही होतं," रूपाली म्हणाली. "फुटला तरी मीच घेणार, नाही फुटला तरी मीच. लाव वायर."

पहिला ॲम्प तिने न पाडताच बाजूला सारला होता. वायर हलवली की तो खरखरत होता, आणि नाचणाऱ्यांचा धक्का आधी वायरलाच लागतो. दुसरा गिटारचा होता. कीबोर्डचे खालचे सूर त्यात फाटत होते. या तिसऱ्याला पुढे पोलादी जाळी होती, वायर आत बसवली की खटका लागून घट्ट अडकत होती, आणि वीज गेली तरी पोटातल्या बॅटरीवर तो सहा तास चालणार होता. रूपालीने सगळ्यात खालचा सूर दाबला. दुकानाची काच थरथरली. सूर स्वच्छ होता.

"एवढा दणकट कशाला?" तिचा भाऊ प्रफुल्ल दारातूनच म्हणाला.

"दादा, तुझ्या हाताकडे बघ आणि मग विचार."

प्रफुल्लने उजवा हात खिशात घातला.

रूपाली तारापूरच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या पट्ट्या तपासायची. पट्टी तुटेपर्यंत ताण वाढवत न्यायचा आणि कुठल्या ताणाला तुटली ते लिहायचं. एप्रिलमध्ये चिंचणीच्या अलीकडच्या एका वाडीत जे घडलं, त्याच्याकडेही ती तसंच बघत होती. हळदीत मानाचं गाणं चालू असताना जुना ॲम्प बंद पडला. नवरदेवाचे मामा झुंबर तेव्हा पोरांच्या खांद्यावर होते. मामांचा अपमान झाला म्हणून पोरांनी कीबोर्ड वाजवणाऱ्या प्रफुल्लला खाली पाडलं, त्याचा हात फरशीवर धरला आणि लोखंडी खुर्चीने ठेचला. दोन बोटं कायमची ताठ झाली. तेव्हापासून कीबोर्ड रूपाली वाजवायची. आता त्याच घरातल्या धाकट्याची हळद होती, आणि प्रफुल्लने वाजवायची सुपारी घेतली होती. आवाज थांबला की मार पडतो, म्हणून आवाज थांबताच कामा नये, असं तिचं सरळ गणित होतं.

रविवारी चार वाजता पोरांनी त्याच मामांना खांद्यावर उचललं. वाडीची रीत अशी, की मामा खांद्यावर असेपर्यंत वाजवणाऱ्याने थांबायचं नाही. आणि गाणं चालू असेपर्यंत मामा 'मला उतरवा' म्हणत नाहीत, त्यात कमीपणा असतो. दोघांपैकी आधी कोणी थांबायचं, ते मात्र कोणी ठरवलेलं नव्हतं.

सातव्या मिनिटाला कोणाची तरी लाथ बसून जनरेटर आडवा झाला. पंखे थांबले, माइक मेला. सेलवरचा कीबोर्ड आणि बॅटरीवरचा ॲम्प मात्र वाजत राहिला, आणि मांडवात आरोळी उठली. एकाने खुशीत जाळीवर बाटली फोडली. मामांना खांदा कोण देणार यावरून दोघे पट्टे काढून एकमेकांवर तुटून पडले. एकाची भुवई फाटली, गालावरच्या हळदीत रक्त उतरलं, तरी तो नाचतच मारत होता.

चौदाव्या मिनिटाला मामांची मान कलली. एका हाताचं बोट अजून वर नाचत होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी छातीवरचा सदरा पिळून धरला होता. ओठ जांभळे पडले होते.

"दादा, मामांना काहीतरी होतंय!"

"मागच्या टायमाला पन असंच झालं," प्रफुल्ल तिच्या कानाशी म्हणाला. "तवा ॲम्प बंद पडला नव्हता. वायर मी वडली."

रूपालीची बोटं चालत राहिली. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर खांद्यावर झेपत नाय म्हनून मामाला वाडीत तोंड दाखवाय जागा रायली नसती. तू हात नको उचलू, समदे बघतात तुला. मी करतो."

ॲम्पचं बटण पुढे, सगळ्यांच्या नजरेसमोर होतं, म्हणून तो मागे वाकला आणि सवयीने त्याने आधी विजेची वायर उपटली. बॅटरी होतीच, काही झालं नाही. मग कीबोर्डची वायर ओढली. एका हाताने खटका दाबून दुसऱ्याने ओढल्याशिवाय ती सुटणार नव्हती, आणि उजव्या हाताच्या ताठ बोटांना ना दाबता येईना, ना धरता. त्याने झटका दिला, मग शिवी दिली. ॲम्प वाजत राहिला. मामांच्या तोंडातून फेस आला.

रूपालीने कीबोर्डवर आपोआप चालणारा ठेका बंद केला आणि दोन्ही हात वर उचलले.

शांतता पडली तशी पोरांचे खांदे ढिले झाले. मामा घसरत जमिनीवर आले, गुडघ्यांवर बसले आणि ओकले. त्यांची बायको जमना तांब्या घेऊन धावली, तिने त्यांची गुंडी तोडून सदरा मोकळा केला.

"गाणं कोनी बंद केलं?" भुवई फाटलेला पोरगा ओरडला.

"मशीन बिघडलं, भाऊ!" प्रफुल्ल पुढे झाला. "गरम झालं ते!"

पोराने ॲम्पकडे बघितलं. लाल दिवा जळत होता. त्याने हात आपटून कीबोर्डची एक पट्टी दाबली आणि सूर मांडवभर घुमला.

"बिघडलं? आमाला येडा समजतो?" त्याने प्रफुल्लची गचांडी धरली. मागून दुसऱ्याने खुर्ची उचलली.

"त्याला सोड," रूपाली म्हणाली. "मी बंद केलं. मामांना बघा आधी, दवाखान्यात न्या."

"तू? तू कोन ठरवनारी?"

तिने दोन्ही हात पोटाशी घेतले आणि पाठ केली. पहिली खुर्ची खांद्यावर बसली. दुसऱ्या फटक्याला ती कीबोर्डसकट खाली गेली. प्रफुल्ल गचांडी सोडवून तिच्या अंगावर आडवा पडला, आणि पुढचे फटके त्याच्या पाठीवर पडताना तिला बरगड्यांतून जाणवत होते. पायांच्या गर्दीतून तिला एकच गोष्ट दिसत होती. जमनाने मामांना कुशीवर वळवलं होतं. त्यांची उघडी छाती वर गेली, खाली आली. बराच वेळ तशीच राहिली. मग पुन्हा वर गेली, आणि रूपाली श्वास मोजू लागली.